अर्धा नंबर कमी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर बाबा पोरांचे चष्मे उतरवून टोपलीत टाकत होते आणि हातात एकेक काळा मणी देत होते. "बघ बाळ, डोळ्यातला अंधार मणी पिऊन टाकतो." पोरं मण्याच्या भोकातून बघत, समोरच्या फलकावरची बारीक अक्षरं घडाघडा वाचत आणि आयांच्या डोळ्यांना धारा लागत. नंबर गेला म्हणे! कुठे गेला, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

चौकात डोळे तपासून चष्मे देणारे चष्मेकाका मागे उभे होते. त्यांच्या सख्ख्या पुतणीचाही चष्मा टोपलीत पडला, तेव्हा त्यांना राहवलं नाही. ते पुढे गेले, पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून पुतणीला दिलं. तिने त्यातूनही सगळं वाचलं. बारीक भोकातून प्रकाशाची नेमकी तिरीप आत जाते म्हणून अक्षर स्पष्ट दिसतं, डोळा होता तसाच राहतो, असं काकांनी समजावलं. मणी खाली ठेवायला लावले, तर एकाही पोराला ओळ वाचता येईना.

बाबा म्हणाले, श्रद्धा कमी पडली.

"पुठ्ठ्यावर कोणाची श्रद्धा होती?" काकांनी विचारलं. लोक हसले आणि बाबांनी गाशा गुंडाळला.

वहिनी मात्र हसली नाही. "भाऊजी, बाबा खोटा, पटलं. पण दर वर्षी हिचा नंबर वाढतो आणि तुम्ही म्हणता, वाढणारच. मग मी जाऊ कुठे?"

टोपलीतून चष्मा शोधत पुतणी म्हणाली, "काका, डोळा आळशी होऊ नये म्हणून तुम्ही मला अर्धा नंबर कमी देता ना? ते कुणी शोधलं?"

काकांना ते धंदा शिकवणाऱ्या उस्तादांनी सांगितलं होतं, उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी. पडताळून कोणीच पाहिलं नव्हतं. मागे सरकारी दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना फोनवर सांगितलं होतं की कमी नंबर देऊन वाढ थांबत नाही. पण डोळ्यांत घालायचे थेंब, खास काचा आणि दिवसाउजेडी बाहेर खेळणं यांनी वाढीचा वेग कमी करता येतो. प्रशिक्षणाला या, म्हणाल्या होत्या. आता या वयात ही मला काय शिकवणार, म्हणून काका गेले नव्हते. तोवर या पोरीचे डोळे बिघडतच राहिले होते.

"कुणीच नाही," ते म्हणाले. "तो माझा मणी होता, बाळा. चुकलो मी."

मग ते लोकांकडे वळले. "बाबाला पुरावा मागा. आणि उद्यापासून मलाही मागा."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप होतं. काका डॉक्टरीणबाईंच्या प्रशिक्षणात पहिल्या बाकावर बसले होते.