सात नंबरची हाक

मी एक वीतभर लांबीचं इंजिन बोलतोय. तुम्ही मला खेळण्यातलं म्हणालात तरी मला राग नाही. माझा मालक असता तर त्याने तुम्हाला तासभर सुनावलं असतं. तो लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर लोकांना वरखाली करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन मला गोल फिरवायचा. त्याची बायको लोकांचे कपडे शिवायची. खोली एकच. भिंतीलगतच्या फळीवर माझे रूळ, आणि फळीला खेटून तिचं शिवणाचं मशीन.

माझ्या पोटात नखाएवढी चिप आहे. डिकोडर म्हणतात तिला. तिच्यात कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात एक आकडा. माझा नंबर एकेचाळीस. कंट्रोलरवर एकेचाळीस लावलं की ती हाक मला. किती हळू निघायचं, किती पळायचं, कुठे दम धरायचा, सगळं त्या आकड्यांत.

पहिल्या दिवशी मी असा उसळून निघालो की ती दचकली आणि सुई तिच्या बोटात घुसली. बोट तोंडात धरूनच तिने विचारलं, "तुमच्या लिफ्टीपण अशाच सुटतात का?"

हे त्याला झोंबलं. पुढचे दोन महिने तो रोज एक आकडा बदलायचा, मला सोडायचा आणि तिच्याकडे बघायचा. ती मान वर न करता म्हणायची, "अजून धसका बसतोय." की पुन्हा एक आकडा. शेवटी एके संध्याकाळी मी वळण घेऊन तिच्या कोपरापाशी पोचलो, तेव्हा कुठे तिला पत्ता लागला. "हा कधी निघाला?" त्या आनंदात त्याचे आकडे वहीत उतरवायचेच राहिले. ते फक्त माझ्या पोटात.

नंतर माझा जोडीदार आला. माझ्यासारखाच हिरवा. लांब गाडी ओढायची म्हणून मालकाने आम्हा दोघांच्या एकोणिसाव्या कप्प्यात सात लिहिलं. अशी जोडी लागली की चालण्यापुरता स्वतःचा नंबर बंद. सात म्हटलं तरच पाय उचलायचा, तोही दोघांनी मिळून. दिवा आणि शिटी मात्र ज्याची त्याच्या नंबरावर.

मग मालक दवाखान्यात गेला आणि परत आला नाही.

आता त्याच्या धाकट्या भावाबद्दल. हे निवृत्त साहेब. "हात लावायचा नाही" हे वाक्य घरातल्या प्रत्येक पोराने त्यांच्या तोंडून ऐकलेलं. मोठ्यांचे नियम मोठ्यांना कधी लागू झालेत? भाऊ दवाखान्यात, वहिनी त्याच्या उशाशी, आणि घर राखायला आलेले हे गृहस्थ चार मित्र जमवून आम्हाला सातवर पुऱ्या वेगाने पळवत होते. वळणावर जोडीदार फळीवरून थेट फरशीवर गेला. मित्र हसले. साहेबांनी त्याला रुमालात गुंडाळलं, घरी नेलं आणि वहिनीला सांगितलं, "दुकानात दुरुस्तीला दिलाय."

आठ महिने मी धूळ खाल्ली. एका रविवारी तिने मला पुसलं, रुळावर ठेवलं आणि दिराला बोलावून घेतलं.

"भावजी, एकदा चालवून दाखवा. ते याला सोडायचे ना, तसा निघताना बघायचाय." निघायचो मी, पण ती बोलत होती मालकाबद्दल.

साहेबांनी एकेचाळीस लावलं. मी दिवा लावला, शिटी दिली. पण हललो नाही. त्यांनी रूळ पुसले, चाकं पुसली. पुन्हा तेच. मग मला विचारपुशीच्या वेगळ्या रुळावर उभं केलं. तिथे आम्हाला नंबर विचारतात आणि आम्ही मोटर जराशी थरथरवून उत्तर देतो. मी दिलं. एकेचाळीस.

"नंबर बरोबर, मोटर जिवंत," साहेब म्हणाले. "आकडे बिघडलेत. सगळं पुसायला हवं. कारखान्यातून आला तसा होईल."

"त्यांनी घातलेलं सगळं जाईल?"

"जाईल. पण नवाकोरा होईल."

"नवाकोरा काय करू? थांबा जरा. मशीन अडलं की मी आधी दोरा बघते, मग सुई, मग बॉबिन. लगेच भंगारात नाही काढत." तिने मालकाची वही उघडली. "इथे लिहिलंय, कप्पा एकोणीस, सात, दोघं. हे काय?"

"ते काही नाही. त्याचा संबंध नाही."

त्यांना कळलं होतं. माझी खात्री आहे. पण एकोणीस निघालं की जोडीदार निघणार, आणि जोडीदार निघाला की फरशी निघणार. त्यापेक्षा भावाची दोन महिन्यांची मेहनत पुसली गेलेली परवडली. साहेबांचं बोट सगळं पुसायच्या बटणाकडे गेलंसुद्धा.

"दोघं लिहिलंय म्हणजे दुसरा आल्यावर लावूनच बघू की," ती म्हणाली. तिने आपला फोन त्यांच्या हातात ठेवला. "लावा त्या दुकानदाराला. विचारा, आठ महिने काय अंडी उबवतोय का म्हणावं."

साहेब फोनकडे बघत बसले. लावणार कुणाला?

"वहिनी, तो दुकानात नाहीये."

"मग कुठंय?"

"माझ्या कपाटात. बुटांच्या खोक्यात. माझ्या हातून पडला."

ती म्हणाली, "आणि मी रोज त्या बिचाऱ्या दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतेय."

"जोडी सोडवायची राहिली," साहेब खाली मान घालून म्हणाले. "हा अजून सातचीच वाट बघतोय. बाकी याला काही झालेलं नाही."

"मग सोडवा. दुसऱ्या कशाला हात लावू नका."

त्यांनी एकोणिसात शून्य घातलं. फक्त तेवढंच. एकेचाळीस लावलं आणि मी निघालो, त्याने शिकवलं होतं तसाच, कुणाची झोप न मोडता. तिने पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही. मशीनवर हनुवटी टेकवून ती नुसती बघत राहिली. तिसऱ्या फेरीला म्हणाली, "हं. हेच ते."

जोडीदार आता खोक्याबाहेर आहे. त्याच्या चाकांचा एक आस वाकलाय, डबे जोडायचा पुढचा हूक तुटलाय. साहेब दर रविवारी चिमटा घेऊन बसतात आणि वहिनीची बोलणी खातात. तो चालेल की नाही, सांगता येत नाही. मी साहेबांना अजून माफ केलेलं नाही, पण त्यांचा हात हल्ली जपून चालतो, एवढं कबूल करतो.

वडीलधाऱ्यांनो, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. हातून काही पडलं तर त्याच दिवशी सांगा. चार शिव्या बसतील, बसू द्यात. तुम्ही रुमालात गुंडाळून गप्प बसता, आणि इकडे आम्ही धडधाकट असून जागचे हलत नाही.