नयनाचा दुसरा आवाज

डहाणूच्या किनाऱ्यावर पौषातले ऊन सुरूच्या झाडांतून गाळून यावे, तसा एकेकाळी नयनाचा आवाज येई: पातळ, सोनेरी आणि कुणाच्याही अंगणात सहज उतरणारा. मांगेलवाड्यातल्या मच्छीमारांच्या लग्नांत हळद लागताना ती गाऊ लागली की बायकांच्या हातांतल्या वाट्या क्षणभर तशाच थांबत. गाणी तिचीच असत. होडी किनाऱ्याला लागण्याची वाट पाहणाऱ्या बायकांची, भरतीची, सासरी निघालेल्या मुलींची. शाळेपासूनची मैत्रीण म्हणून पेटीवर साथीला मी असे, आणि त्या काळी मला वाटे की हा आवाज समुद्रासारखाच कायमचा आहे.

मग तिच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. शस्त्रक्रियेने जीव वाचला. आवाज मात्र त्या टेबलावरून उठलाच नाही. तळासरीच्या शाळेत ती संगीत शिकवी, तिथे कित्येक महिने तिने टाळीने ताल आणि बोटांनी सूर शिकवले. लग्नांची बोलावणी बंद झाली. तिने तक्रार केली नाही. पण लग्नाचा मांडव दिसला की ती वाट बदलून जाई, हे मी पाहिले होते.

वर्षभराने आवाज परतला, पण तो दुसराच कुणीतरी होता. खालचा, जाड, ओल्या वाळूवरून होडी ओढावी तसा खरखरीत. रोज सकाळी चिकूच्या वाडीत उभी राहून ती फक्त चार सूर लावी; तेच चार, तासभर. एके दिवशी म्हणाली, "अल्बम करायचा. नऊ गाणी. माझी मीच."

मसोलीतल्या तिच्या घरात आम्ही भिंतींना गोधड्या टांगून ध्वनिमुद्रणाची खोली केली. घरामागच्या रुळांवरून मालगाडी येऊ लागली की जमीन आधी थरथरे. नयना हात वर करी, आम्ही सारे थांबत असू, आणि शेवटचा डबा दूर गेला की ती त्याच ओळीवर परत येई, न थकता. ध्वनिमुद्रण करायला वाणगावचा हार्दिक येई. तिसऱ्या गाण्यानंतर तो जरा चाचरतच म्हणाला, "ताई, आवाज थोडा साफ करू? कॉम्प्युटरवर होऊन जाईल. खरखर कळणारपण नाही."

खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते. मी म्हटले, "लोक तुझा जुना आवाज शोधतील गं."

"शोधू देत," ती शांतपणे म्हणाली. "तो गेला. मी आहे ना?" मग हार्दिककडे वळून, "हात नको लावू. आहे तसाच ठेव."

माघात तळासरीच्या शाळेच्या सभागृहात, रविवारी दुपारी, अल्बम लोकांसमोर आला. पुढच्या रांगेत तिची आई बसली होती. आयुष्यभर बाजारात मासळी विकून स्वतःचा आवाज घोगरा झालेली, आणि लेकीचा हा आवाज गाण्यात अजून न ऐकलेली. नयनाने पहिली ओळ उचलली आणि ती मधेच फाटली. सभागृहात कुणीतरी हळहळले. मी पेटी थांबवली. नयना थांबली, पाणी प्याली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाली, "काळी एक दे. एवढं वर नको."

मी काळी एकची खालची पट्टी धरली. त्या खालच्या काठावरून ती अशी चालत गेली, जणू भरतीची वेळ तिला आधीच ठाऊक होती. गाणे संपले तेव्हा टाळ्यांच्या आधी तिच्या आईचा आवाज आला, "नयने, परत म्हण ते."

ती परत गायली, आणि या वेळी मागच्या बायकांनी तिच्यासोबत ओळ धरली. आता वैशाखातल्या दोन हळदींचे बोलावणे तिला आले आहे.

तिच्या जुन्या आवाजाची एकही फीत कुणाकडे नाही; तेव्हा तो टिपून ठेवायचे कुणाला सुचलेच नाही. तो आता आम्हा ऐकणाऱ्यांपुरता उरला आहे आणि आमच्याबरोबरच संपेल. पण जे काळाने नेले त्याच्या शोकात न अडकता, जे उरले त्याला जी आपले म्हणते, तिच्या वाट्याला आलेली पोकळीसुद्धा एक दिवस सुरात गाऊ लागते.