टग वन

"वारा पस्तीस नॉट करा," परीक्षक कॅप्टन गिरीधर म्हणाले. मग थांबून त्यांनी कुमुदिनीकडे पाहिलं. "तुमच्याच मुलीची परीक्षा आहे. नको असेल तर दुसऱ्या कुणाला बसवतो."

"सरी सर, ठीक आहे, मीच बसते. वाऱ्याला काय, लेक-बिक कळत नाही."

तिने वारा वाढवला. चेन्नईच्या त्या जहाजी प्रशिक्षण केंद्रात पडद्यावरच्या लाटा, धुकं, पाऊस, सगळं तिच्या माऊसच्या टोकाशी होतं. स्वतः मात्र ती जन्मात कधी बोटीत बसली नव्हती. जहाज ओढणाऱ्या टगबोटीचा वायरलेसवरचा आवाजही तिचाच. हुकूम आला की तो परत म्हणायचा आणि पाळायचा, एवढंच काम. आपणहून काही सुचवलं तर परीक्षा बाद.

कॅमेऱ्यात कॅप्टनच्या जागी उभी असलेली लेक, श्रीरंजनी, दिसत होती. आज जहाज धक्क्याला नीट लावलं तर ती चीफ ऑफिसर होणार होती, नाहीतर पुन्हा ताटकळणं. तिच्याभोवती पडद्यांवर अख्खं बंदर डुलत होतं. खालची जमीन तसूभर हलत नसताना तिने लाटेबरोबर गुडघे सैल सोडले, आणि इकडे कुमुदिनीने खुर्चीचा हात घट्ट धरला. अण्णा नगरच्या घरात टॉवेल सापडत नाही म्हणून हाका मारणारी ती हीच का? इतकी वर्षं समुद्रावर जाऊन पोरगी करते काय, ते आई आज प्रथमच पाहत होती.

वारा जहाजाला धक्क्यावर लोटू लागला. जहाजाचं पुढचं टोक फार वेगाने आत येत होतं. अशी कितीतरी जहाजं आपटलेली कुमुदिनीने पाहिली होती. आता टगने ओढायलाच हवं होतं. श्रीरंजनीचा हुकूम येईना.

कुमुदिनीचा अंगठा बटणावर टेकला. ‘ओढू का?’ दोनच शब्द. तिने हात उचलला आणि मांडीखाली दाबून धरला.

"टग वन, फुल पुल."

आवाजात घाई नव्हती. कुमुदिनीला आपल्याच लेकीचा धाक वाटला, देवळात वाटतो तसा.

"टग वन, फुल पुल," तिने हुकूम परत म्हटला आणि टग ओढायला लावली.

पडद्यातलं पाणी घुसळून निघालं. ते डोंगराएवढं जहाज अडखळलं, मंदावलं, आणि झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं धक्क्याला टेकलं.

"सुरेख," गिरीधर पुटपुटले.

"थँक यू, टग वन. आता तुमची गरज नाही," श्रीरंजनी म्हणाली. तिने कॅमेऱ्याकडे मान वळवली नाही. जहाजाच्या सुकाणूघरात उभ्या अधिकाऱ्याने वळायचंही नसतं.

"गुड डे, कॅप्टन," कुमुदिनी म्हणाली, आणि आपली छोटी बोट तिने हळूहळू मागे घेतली.