घटनेच्या अंगावरच्या चिठ्ठ्या

बुधवार, सकाळचे सव्वादहा. विधिमंडळाच्या ग्रंथालयात दोघंच होते: सभागृहाची किल्लीही सांभाळणारे ग्रंथपाल बेंटसिल आणि धुरी दिलेले मासे विकणारी आराबा. टेबलावर मी होते. मी आमच्या देशाच्या राज्यघटनेची सरकारी प्रत बोलतेय.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड दालनात झाला. आंबवलेल्या मक्याची आमची रोजची केन्की जन्मात कधी न खाल्लेल्या बारा वकिलांनी मला लिहिलं. तरी मी बरी निपजले. हिरव्या चामड्याची बांधणी, चौऱ्याण्णव पानं. स्वातंत्र्याच्या दिवशी मला मखमली उशीवर ठेवून शहरभर मिरवलं. ढोल वाजले. बायकांनी माझं चित्र छापलेली कापडं कमरेला गुंडाळली. इतकं प्रेम! मला वाचलं मात्र एकट्या बांधणीवाल्यानं, तेही पानं क्रमानं लागलीत ना, एवढं बघायला.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. आमच्याकडची रीत अशी, की जुनं कलम फाडायचं नाही. छापखान्यातून नव्या कलमाची चिठ्ठी येते, तळाशी मतदानाची तारीख, वेळ आणि मतं असतात. बेंटसिलकाका कसाव्याच्या खळीनं ती जुन्या कलमावर चिकटवतात. पहिल्या चिठ्ठीनं अध्यक्षांची पाच वर्षं सात झाली. दुसरीनं बाकीचे पक्ष गेले; भांडणं नकोत म्हणून, असं सांगितलं गेलं. तिसरीनं सातही गेली, कारण मोजत बसायला वेळ कोणाला आहे? सहा वर्षांत माझ्या अंगावर अडतीस चिठ्ठ्या चढल्या. मी इतकी फुगले की मिटेना. पाहुणे म्हणायचे, केवढी भरभक्कम घटना! सूज आणि बाळसं यातला फरक पाहुण्यांना कुठे कळतो?

आराबाला कळत होता. तिचा धाकटा भाऊ फीफी शाळामास्तर. नागरिकशास्त्राच्या तासाला त्यानं अध्यक्षांच्या सगळ्या पदव्या फळ्यावर लिहायला घेतल्या. फळा भरला, पदव्या उरल्या. तेव्हा तो मुलांना म्हणाला, उरलेल्या घरून लिहून आणा. दुसऱ्या दिवशी त्याला उचलला. त्याला पाच आठवडे झाले होते. कुठे ठेवलाय, ते कोणी सांगेना.

आराबा जिथे तिथे एकच गोष्ट विचारत फिरत होती. धरलेल्या माणसाला दोन दिवसांत न्यायाधीशासमोर उभं करायचं, असं घटनेत आहे ना? फीफीनंच तिला एकोणिसावं कलम पाठ करून घेतलं होतं, मासे उलटता उलटता. ठाण्यावरचा फौजदार तिला म्हणाला, बाई, तुमची घटना जुनी झाली.

म्हणून ती इथे आली होती. बेंटसिलकाकांनी एकोणिसावं कलम उघडलं. वर चिठ्ठी होती. दोन दिवसांच्या जागी ‘शासनास योग्य वाटेल तेव्हा’.

आराबानं बोट ठेवून हळूहळू वाचलं. ती तळाशी आली आणि थांबली.

“काका, हे बारा ऑगस्ट. शनिवार होता ना?”

“असेल. मला सोमवारी मिळाली, मी चिकटवली.”

“चिकटवण्याआधी वाचत नाही का?”

“पोरी, मी वाचत बसलो असतो तर एवढी वर्षं नोकरी टिकली असती?”

ती हसली नाही. शनिवार म्हणजे आमच्याकडे मयतीचा दिवस. लग्न चुकलं तर लोक माफ करतात, मयत चुकली तर नाव टाकतात. आणि त्या शनिवारी अनाफो गावात सभापतींच्या आईला मूठमाती होती. राजधानीपासून गाडीनं चार तास. मयतीच्या जेवणातले मासे आराबाचेच होते.

“सकाळी अकरा वाजता मतदान, म्हणे,” ती म्हणाली. “अकराला मी रांगेनं हात मिळवत होते. भोंग्यावर आमदारांची नावं पुकारली. एकूण एक्काहत्तर. एकानंसुद्धा चुकवलं नव्हतं. माझ्या हाताला माशांचा वास, म्हणून निम्म्यांनी नंतर कापडाला हात पुसले. मी बघत होते ना.”

चिठ्ठीवर मतं होती: बाजूनं एक्काहत्तर, विरोधात शून्य.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेही त्या दिवशी मयतीचं काळं-तांबडं कापड पांघरून अनाफोतच बसले होते. कधी नव्हे ते दोनदा जेवलेही होते. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मला वाटलं, आता हे मला मिटतील. मी मिटत नाही, ही वेगळी गोष्ट.

“तुमच्या हातानं लिहून द्या काका,” आराबा म्हणाली. “माझं कोण ऐकणार? मी मासेवाली.”

“लिहिलं तर मलाही उचलतील.”

“मग तुमच्यासाठीही हेच कलम लागेल.”

मग त्यांनी कागद ओढला आणि दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली. आराबा तो कागद घेऊन न्यायालयात गेली. तिथे त्या ओळी वाचल्या गेल्या, तेव्हा मी पुरावा म्हणून टेबलावर होते. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, ही एक्काहत्तर मतं कोणाची? वकिलांनी मुदत मागितली. नऊ तारखा झाल्या. दर तारखेला ते तितक्याच अदबीनं मुदत मागतात. आराबा दर तारखेला पहिल्या बाकावर बसते, आणि शिपाई नाक मुरडत खिडकी उघडतो.

सध्या माझा मुक्काम न्यायालयाच्या लोखंडी कपाटात आहे. लोकहो, मला मिरवू नका. उशीही नको. वाचा तेवढं. चिठ्ठीही वाचा, आणि तिच्या खालचंही.

बेंटसिलकाकांच्या दोन ओळी अशा आहेत: “बारा ऑगस्टला सभागृह दिवसभर कुलूपबंद होते. किल्ली एकच आहे, आणि ती अनाफोत माझ्या खिशात होती.”

फीफीला आजपर्यंत कोणत्याही न्यायाधीशासमोर उभं केलेलं नाही.