झुनूच्या जागी शून्य

ज्याची गणना होत नाही, त्याची वाट पाहण्याचे कर्तव्यही जगाला उरत नाही. हा दोष मी अंगावर वागवीत आलो आहे.

मित्रांनो, मी एक जुना जनगणनेचा कागद आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावरील एका शाळेच्या कपाटात माझा वास आहे. निरंजन मास्तरांच्या सुवाच्य अक्षरामुळे एकेकाळी अधिकाऱ्यांनी माझी प्रशंसाही केली होती.

घरोघर मोजणी करीत मास्तर मला घेऊन कुंतला बेहेराच्या ओसरीवर गेले, तेव्हा तिच्या थोरल्या मुलीला पाहायला आलेली मंडळी अनारशासारखा गोड अरिसा पिठा खात बसली होती. मास्तरांनी हळूच विचारले, "वहिनी, घरात कुणी दिव्यांग?"

"काहीतरीच काय, मास्तर! हवं तर पोरीला नाचायला सांगते!"

"नको नको, नाच वरातीत बघू," मुलाचा मामा म्हणाला. सारे हसले.

दाराआड लाकडी चाके करकरली आणि थबकली. पायांत बळ नसलेल्या धाकट्या झुनूची ती गाडी. मास्तरांनीच तिला अक्षरे शिकवली होती. तरी जुळते लग्न मोडू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि माझ्या दिव्यांगांच्या रकान्यात शून्य लिहिले.

वाडीत दुसरे कुणी दिव्यांग नव्हते; ते शून्य जिल्ह्याला गेले, राजधानीला गेले, देशाच्या बेरजेत विरून गेले. लग्न पार पडले. मी धूळ खात राहिलो.

आज सकाळपासून समुद्र काळवंडला आहे. ही शाळाच वादळातला निवारा. चालू न शकणाऱ्यांना आणणाऱ्या गाड्या जनगणनेवरून केलेल्या यादीप्रमाणे इतर गावांना गेल्या. आमच्या वाडीकडे एकही वळली नाही.

कुंतला चिंब भिजून धावत आली. "मास्तर, गाडी कुठाय? झुनू एकटीनं उचलवेना हो!"

"यादीत आपल्या वाडीपुढे शून्य आहे, वहिनी."

"कुणा मेल्यानं लिहिलं?"

"मी."

ती भिंतीला टेकली. "आणि सांगितलं मी."

मास्तरांनी मला बाहेर काढले, शून्य खोडले, एक लिहिला. मग बांबूची शिडी खांद्यावर घेतली. "चला, हीच डोली."

दोघे निघून गेले. पाणी आता पायरीवर चढले आहे.

"दार लावा रे!" कोणी ओरडते.

"मास्तर यायचेत अजून."

मित्रांनो, मोजाल तेव्हा दाराआडही पाहा. आणि त्या शिडीवरील लेकीला, तिला उचलणाऱ्या त्या दोन जिवांना, पायाखाली भूमी लाभो.