निळी नखं

मी कौशल्याचा नेलकटर बोलतोय. बोलायची लाज वाटते. माझ्या पात्यांना रक्त लागलं आहे.

चौऱ्याहत्तर साली चंपतरावांनी मला नागपूरच्या सीताबर्डी बाजारात घेतलं. ते कामठीत सूत रंगवायचे. लेकीला नागपुरात नर्सच्या ट्रेनिंगला जागा मिळाली, तेव्हा मला तिच्या हातात देत म्हणाले, "दवाखान्यात नखं साफ लागते म्हनतात वं."

कौशल्या मला जपायची. आंघोळ झाली की मऊ नखं सरळ कापायची, कडा घासायची, खोबरेल चोळायची. पण रविवारी घरी गेली की बाबांबरोबर रंगाच्या हौदात सूत बुडवायची. नखांच्या कडांत निळा रंग बसायचा.

एका सोमवारी शिकवणाऱ्या सिस्टरांनी मुलींचे हात तपासले. "या हातांनी पेशंटला शिवणार?" मुली हसल्या. कौशल्या पुटपुटली, "शाई सांडली, सिस्टर."

मग न्हाणीत दार लावून तिनं माझं टोक नखाच्या कोपऱ्यात खुपसलं. रंग निघेना, रक्त मात्र आलं. दोन दिवसांत बोट सुजून नखुरडं झालं. तिला वॉर्डात जाऊ देईनात.

घरी चंपतरावांनी बोट पाहिलं. "काहून वं, एवढं कोरलं?"

"रंग निघूनच नाही राहिला बाबा."

ते कोमट पाण्यात तिचं बोट धरून बसले. त्यानंतर त्यांनी तिला हौदाजवळ येऊ दिलं नाही. ती मला घरीच विसरून गेली.

मुलींना नर्सची टोपी द्यायचा समारंभ होता, त्या सकाळी चंपतरावांनी मला उचललं. त्यांच्या स्वतःच्या नखांतला रंग जाईना तसे ते मला आणखी आत घालत गेले. मला ओरडता येत नव्हतं.

मला खिशात टाकून ते गेले, पण हॉलबाहेर लिंबाखालीच उभे राहिले. कार्यक्रम संपल्यावर पांढरी टोपी घातलेली कौशल्या धावत आली.

"बाबा, आत काहून नाही आले?"

"इथूनबी दिसते ना."

त्यांचा हात खिशातच. तिनं ओढून बाहेर काढला. तीन बोटांना चिंध्या, चिंध्यांवर रक्त. तिचा चेहरा उतरला.

तेवढ्यात सिस्टर मुलींना घेऊन बाहेर आल्या. "कोण गं हे?"

कौशल्याची मान खाली गेली. "माझे बाबा. कामठीत सूत रंगवतात. ती शाई नव्हती सिस्टर. यांच्याच हौदातला रंग होता."

कुणी हसलं नाही. सिस्टर हळूच म्हणाल्या, "ड्रेसिंग रूम उघडी आहे. पट्टी तूच कर."

ती बोटं धूत होती. ते सारखी मूठ मिटत होते. "राहू दे, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या," ती म्हणाली. पण पट्टी बांधून होईपर्यंत तिला मान वर करता आली नाही.

आता माझी पाती बोथट झाली आहेत, खिळा सैल झाला आहे. कौशल्याच्या टेबलाच्या खणात मी पडून असतो. तुम्ही नखं जरूर कापा, मळ काढा, कडा घासा. पण कामाचा रंग दिसला तर त्यासाठी मांसापर्यंत जाऊ नका. नख वाढलं की तो आपणच पुढे सरकतो. तेव्हा सावकाश कापा. एवढंच सांगायचं होतं. आता खण लावून घ्या.