सासूबाईंचं बंदर

वारा सुटला तेव्हा क्रेनवाला डबा संपवून मोबाइलवरच्या खेळात बेट मांडत बसला होता. टॉवर क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये, जमिनीपासून भलत्याच उंचावर, त्याची जेवणाची सुट्टी अशीच जायची. खेळ तसा खुळचटच. ओसाड बेटावर घरं, शेतं, रस्ते उभारायचे, आणि तिथल्या ढेरपोट्या माणसांनी प्रत्येक गोष्टीवर कुरकुरत मोर्चे काढायचे. बेटाचे प्रधानजी तर उद्घाटनाची फीत कापता कापता उभ्यानेच घोरायचे. तो एकटाच खो खो हसायचा.

बेटावर त्याच्या भागीदार होत्या त्याच्या सासूबाई. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या, घरी शिवणकाम करायच्या आणि आपल्या मोबाइलवरून तेच बेट खेळायच्या. एरवी दोघांचं बोलणं "जेवलात?" "जेवलो"च्या पुढे सरकत नसे, पण बेटावरून मात्र कडाकडा भांडायची दोघं.

केबिन एकाएकी कलली. डबा घरंगळत दाराशी गेला. वॉकीटॉकीवर साइट इंजिनियर ओरडला, "उतरू नकोस! शिडीवरून वारा उचलून फेकेल. ब्रेक मोकळा कर, फिरू दे क्रेनला वाऱ्याबरोबर, अडवली तर उलटेल!"

त्याने ब्रेक सोडला. क्रेनचा लांबलचक हात स्वतःच्या मर्जीने वळला आणि केबिनही त्याच्याबरोबर. काचेपुढून अख्खं शहर सरकत गेलं. खाली लोखंड करकरत होतं. आता त्याच्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

बायकोला फोन करायचा धीर होईना. तेवढ्यात सासूबाईंचाच फोन आला.

"जावईबापू, माझ्या बंदराला खेटून कचऱ्याचा ढीग कुणी लावला?"

"आई, मी... जरा..."

पलीकडची शिवणयंत्राची खडखड थांबली. "ती घोंघों कसली? वरच आहात?"

"हो. उतरता येत नाहीये."

नेहमीच्याच खडूस आवाजात त्या म्हणाल्या, "म्हणजे रिकामेच आहात. हलवा तो ढीग. फोन ठेवू नका, स्पीकरवर टाका."

त्याचं बोट घसरलं आणि ढीग थेट राजवाड्याच्या दारात पडला. ढेरपोटी माणसं फलक घेऊन धावली. केबिन पुन्हा हेलकावली.

"आई, ही क्रेन पडणार."

"ते मला कळत नाही. मला बंदर कळतं. जहाज येतंय, धक्का बांधा."

त्याने धक्का बांधला. मग दीपगृह, मग गोदाम. एकदा प्रधानजी दीपगृहाच्या पायरीवर घोरायला लागले आणि त्याला हसू फुटलं. हसता हसता हुंदका आला. त्यांनी दोन्ही ऐकलं आणि पुढचं जहाज मागितलं.

वारा पडला तेव्हा उन्हं उतरली होती. एकेका पायरीला मिठी मारत तो खाली आला. जमिनीला पाय लागताच साइटच्या मुकादमाने त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली.

घरी दार बायकोने उघडलं. मागे सासूबाई उभ्या होत्या. फोन कानाला लावूनच तशा वाऱ्यात शहर ओलांडून आल्या होत्या, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. त्याला पाहताच त्या मटकन खाली बसल्या.

"बोलता बोलता तुमचा आवाज बंद होईल असं वाटत होतं," त्या म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. तोही शेजारी फरशीवर बसला.

दुसऱ्या सकाळी तो साइटवर गेला. शिडीला हात लावला, वर पाहिलं, आणि इंजिनियरकडे जाऊन जमिनीवरचं काम मागितलं.